लिंबाचा पाला, पाणी आणि अल्कोहोल

आमच्या सोलापूरकडं कडुलिंबाला नुसतं लिंब म्हणतात. घरात कुणाला कांजिण्या आल्या की आज्जी पहिलं सांगायची, लिंबाचा पाला आणा. अंथरुणावर पाला, अंघोळीच्या पाण्यात पाला, ज्वारीच्या कणगीत पण पाला. म्हणून भाचीनं बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टला हाच पाला घेतला तेव्हा मी तिच्या मागंच लागलो, हा खरंच जंतू मारतो का ते मला दाखव.

टेस्ट साधी आहे. पाला सावलीत वाळवून पूड करायची, थोडी पाण्यात आणि थोडी अल्कोहोलमध्ये भिजवून गाळायची. काचेच्या बशीत अगरचा जेलीसारखा थर असतो, त्यावर बॅक्टेरिया पसरायचे, अर्कात बुडवून सुकवलेली 6 मिमीची कागदी टिकली वर ठेवायची आणि 37 अंशाला, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानाला, रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी बशीभर सायीसारखा थर आलेला असतो, पण अर्कात दम असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल राहतो, तो पट्टीनं मोजायचा. शेजारी नुसत्या अल्कोहोलची टिकली पण ठेवतात, नाहीतर मारलं कुणी ते कळणार कसं!

आता खरी गंमत. बहुतेक वेळा अल्कोहोलच्या अर्काचा गोल पाण्याच्या अर्कापेक्षा मोठा येतो, कारण लिंबाच्या पानातलं निंबोलाइड, तुळशीतलं युजेनॉल अशी द्रव्यं पाण्यात फारशी उतरतच नाहीत. म्हणजे लॅबमध्ये चालला तो अर्क वेगळा आणि आपण घरी उकळतो तो काढा वेगळा, हे मला पटायला जरा वेळ लागला. शिवाय फोडा-गळवातला स्टॅफिलोकॉकस जितक्या सहज मरतो तितका पोटातला ई. कोलाय मरत नाही, त्याच्या अंगावर बाहेरून एक जादा पडदा असतो. आणि बशीत अर्क थेट जंतूला भिडतो, पोटात गेल्यावर पचन, लिव्हर, रक्त एवढं पार करून किती उरेल ते ही बशी सांगत नाही.

कणगीतला पाला किड्यांसाठी, कांजिण्या व्हायरसच्या, त्यामुळे आज्जीच्या त्या दोन्ही उपायांबद्दल ह्या टेस्टवरून काहीच बोलता येत नाही.

पण म्हणून जुनं ज्ञान टाकून द्यायचं का? अजिबात नाही. 1971 मध्ये चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू दवण्याच्या जातकुळीतल्या एका झाडावर मलेरियासाठी काम करत होत्या, अर्क कधी चालायचा कधी नाही. एका फार जुन्या पोथीत लिहिलं होतं की पाला पाण्यात भिजवून पिळून रस घ्या, उकळा असं कुठंच नव्हतं. उष्णतेनंच औषध मरत असेल हे त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती लागलं. 2015 ला त्यांना नोबेल मिळालं.

आता भाचीनं तुळस घेतलीय. ताईनं सगळा पाला चांगला वाळावा म्हणून गच्चीवर कडक उन्हात घातला होता, आम्ही दोघांनी पळत जाऊन उचलला आणि जिन्याखाली सावलीत पसरला, तुळशीतलं तेल उन्हानं उडून जातं.