मोडेन आणि रुजेन

न्यू जर्सीतल्या डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाने एक लांबलचक पायवाट जाते. एके काळी याच वाटेवरून खेचरं दोरखंडांनी बोटी ओढत नेत. आता एडिसन गावाकडची आम्ही चार मराठी माणसं रविवारी पाय मोकळे करतो. पाण्यावर कललेलं, एकाच बुंध्यातून दोन-तीन खोडं फुटलेलं, काळपट सालीचं एक झाड तिथे पावलोपावली भेटतं. ‘हे बॅटचं झाड ना?’ आमच्यातल्या एका काकांनी विचारलं. नाही. क्रिकेटची बॅट पांढऱ्या विलोच्या एका खास प्रकाराची. हा काळा विलो, सॅलिक्स नायग्रा, पूर्व अमेरिकेचा मूळ रहिवासी.

विलोंची ओळख पटवणं हे जाणकारांनाही जिकिरीचं काम, कारण त्यांच्यात संकर फार. काळा विलो त्या मानाने सोपा. खोडाची साल गडद आणि खोल भेगांची असते, पण सालीवर विसंबू नये; पान हातात घ्यावं. ५ ते १५ सेंटिमीटर लांब, बोटापेक्षा अरुंद, कडा बारीक दातेरी आणि टोक बऱ्याचदा विळ्यासारखं एका बाजूला वळलेलं. आता ते उलटं करा. इथल्या बहुतेक विलोंची पानं खालून पांढुरकी असतात. याचं पान दोन्ही अंगांनी हिरवं. देठाच्या बुडाशी इवल्या कानांसारखी दोन उपपर्णंही दिसतील.

हिवाळ्यात पानं नसताना भिंग लागतं. विलोच्या कळीवर एकच खवला असतो, बहुतेकांचा टोपीसारखा सलग. काळ्या विलोच्या खवल्याच्या कडा मात्र मोकळ्या, बाराबंदीसारख्या एकीवर एक आलेल्या.

ओळखीची आणखी एक खूण कानाला कळते. बारीक फांदी बुडाशी धरून मागे दाबली की ‘कट’ असा आवाज करून ती सुटून येते. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा आपल्याकडे मानी माणसाचा बाणा. या झाडाचा हिशेब वेगळा आहे: मोडेन आणि रुजेन. फांदीच्या सालीखाली मुळांचे सूक्ष्म अंकुर आधीच तयार असतात. वादळात किंवा पुरात काडी तुटते, वाहत जाते, खाली कुठेतरी गाळात अडकते आणि मुळं धरते. त्यामुळे काठावरची लांब रांग एकाच झाडाचे तुकडे असू शकते. मग सगळी झाडं नर, नाहीतर सगळी मादी, कारण विलोत नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात.

बियांची घाई तर त्याहून मोठी. वसंतात तुरे येतात, दीड-दोन महिन्यांत बोंडं उकलतात आणि कापूस उडू लागतो. त्यातली बी मोहरीपेक्षा कितीतरी लहान. सोबत शिदोरी जवळजवळ नाहीच. कोरड्या जागी पडली तर ती दिवसभरात निकामी होऊ शकते. ओला, उघडा, उन्हातला गाळ मिळाला तर १२ ते २४ तासांत रुजते. असा गाळ पूर ओसरल्यावर मिळतो, आणि बियांचा हंगाम नेमका त्याच सुमारास येतो.

या झाडाचं खरं वैभव बघायचं तर मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात. तिथे ते ३० मीटरच्याही वर जातं. खोडाभोवती गाळ साचला तर त्या उंचीवर नवी मुळं फोडतं. पण आयुष्य थोडं, सरासरी ५५ वर्षं. गाळ अडवून जमीन उंच करायची, सावली धरायची आणि त्याच सावलीत स्वतःचीच रोपं जगू द्यायची नाहीत. पुढची जागा दुसऱ्या झाडांची.

माणसाने हा गुण लवकर हेरला. १८७५ ते १८७९ या काळात अभियंते जेम्स ईड्स यांनी मिसिसिपीच्या मुखाशी बांध घातले, तेव्हा विलोच्या फांद्यांच्या प्रचंड चटया विणून, दगडांच्या भाराने नदीत बुडवल्या होत्या. काळ्या विलोचं लाकूड हलकं आणि सहसा चिरफळत नाही, म्हणून कृत्रिम पायही त्याचे होत. सालीतल्या सॅलिसिन या वेदनाशामक द्रव्याची गोष्ट ॲस्पिरिनमुळे सर्वांना ठाऊक आहे.

परक्या नदीत मात्र हेच गुण उपद्रव ठरतात. ऑस्ट्रेलियात काठ सावरायला आणलेल्या विलोंनी प्रवाहच अडवले. १९९९ साली राष्ट्रीय पातळीवरच्या २० उपद्रवी तणांची यादी झाली, तीत काही मोजके प्रकार वगळता सगळे विलो आले. आपल्या जलपर्णीची आठवण यावी असा प्रकार.

आपल्याकडेही विलो आहे बरं का. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठाने वाढणारं वाळुंज, सॅलिक्स टेट्रास्पर्मा, हे याच कुळातलं. आडनावातून वाळुंज सर्वांना माहीत, झाड फारसं कुणी पाहिलेलं नसतं. बहुतेक विलोंच्या नरफुलात दोन पुंकेसर असतात. वाळुंज आणि काळा विलो या दोघांत त्याहून जास्त. सातासमुद्रापारच्या भावंडांत एवढं साम्य पाहून मला तरी मौज वाटली.

काकांनी त्या रविवारी वाटेवर पडलेली एक ओली काडी उचलून नेली होती. दहा-बारा दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला: ओट्यावर स्टीलचा पेला, शेजारी ती काडी, तिला पाच-सहा पांढरी मुळं. खाली लिहिलं होतं, ‘आता हिला लावू कुठे?’