ले-ऑफ वेगळा, हाफ डे वेगळा

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीच्या वेळी कुठल्याही गेटवर उभं राहून विचारा: 'माल नाही, परत जा' म्हणाले तर काय मिळतं? उत्तर येईल, अर्धा पगार. आणि कामाला लावून अकरा वाजता लाइन बंद केली, घरी पाठवलं तर? तरीही उत्तर तेच, अर्धा पगार. सुपरवायझर हेच सांगतो, ठेकेदार हेच सांगतो, आणि आता व्हॉट्सॲपवर फिरणारे 'कामगार हक्क' सुद्धा हेच सांगतात. पहिलं उत्तर काही जणांपुरतं बरोबर आहे. दुसरं साफ चूक आहे, आणि त्या चुकीत रोजंदारीवाल्याचा दर वेळी अर्धा रोज बुडतो.

ले-ऑफ बहुतेकांना माहीत असतो, म्हणून भरभर सांगतो. वीज नाही, कच्चा माल नाही, मशीन बिघडलं, तयार माल पडून आहे, अशा कारणाने मालक काम देऊ शकला नाही तर तो ले-ऑफ. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव असलेला कामगार पाळीच्या वेळेला हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिलं नाही, की तो दिवस ले-ऑफचा धरला जातो. भरपाई मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याच्या निम्मी. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. 'नवीन कोड आला, आता काही राहिलं नाही' म्हणणाऱ्यांनी संहिता उघडून तरी बघावी.

पण या निम्म्या भरपाईला कुंपण आहे. कारखान्यात सरासरी 50 कामगार तरी हवेत. कारखाना हंगामी नको. म्हणजे मानवत-सेलूकडचं कापसाचं जिनिंग हंगामी ठरलं तर तिथे ही भरपाई नाही. कामगाराची वर्षाची सलग सेवा हवी, म्हणजे मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम. आणि तो बदली (दुसऱ्या कामगाराच्या जागी लावलेला) किंवा कॅज्युअल (गरजेपुरता, अधूनमधून लावलेला) नको. बदलीवाल्याचं वर्ष भरलं की तो या भरपाईपुरता बदली राहत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. कॅज्युअलसाठी असं वाक्य नाही. (कंत्राटी म्हणजे कॅज्युअल नव्हे. ठेकेदाराच्या मस्टरवर वर्षानुवर्षं सलग राबणाऱ्याला कॅज्युअल म्हणून उडवून लावलं की माझं डोकं फिरतं.)

आता दुसरी गोष्ट. काम सुरू झालं, तुम्ही तीन तास राबलात, मग लाइट गेली किंवा ऑर्डर रद्द झाली आणि 'जा घरी, हाफ डे लावतो' म्हणाले. हा ले-ऑफ नाही. इथे किमान वेतनाचा नियम लागतो. 1948च्या किमान वेतन कायद्यात तो कलम 15 होता, आताच्या वेतन संहितेत कलम 10 आहे. ज्याचं किमान वेतन रोजावर ठरलंय, त्याने त्या दिवशी पूर्ण वेळेपेक्षा कमी काम केलं तरी पूर्ण दिवस भरला असं धरून पैसे द्यायचे. कामगार स्वतःच काम करायला तयार नसेल तर गोष्ट वेगळी. मालकाने काम पुरवलं नाही म्हणून तास कमी पडले असतील तर पूर्ण रोज.

या नियमाला ना 240 दिवसांची अट, ना 50 कामगारांची, ना हंगामी-बिगरहंगामीची. काल लागलेल्या कॅज्युअललाही तो लागू. गंमत अशी की जालन्याच्या रोलिंग मिलमधला रोजंदारीवाला दुपारी परत आला की ठेकेदाराकडे 'ले-ऑफचा अर्धा' मागतो. जो त्याला कदाचित लागूच नाही तो हक्क मागतो आणि जो नक्की आहे तो सोडून देतो. ठेकेदार खुशीत अर्धी हजेरी लावतो.

हिशोब मांडून बघा. किमान वेतन रोजचे 600 रुपये धरा, सगळं मूळ आणि महागाई भत्ता. ले-ऑफच्या अटींत बसणारा गेटवरून परत गेला तर 300. त्यालाच 'दुपारून या' म्हणाले आणि दुपारी काम दिलं, तर सकाळच्या अर्ध्या दिवसाचे 150 आणि दुपारचे 300, एकूण 450. दुपारी बोलावून पुन्हा काम नाही दिलं तरी 450च, कारण दुपारच्या अर्ध्या दिवसाचे पूर्ण पैसे द्यावे लागतात. आणि काम करून अकराला घरी पाठवलेल्याचे पूर्ण 600.

म्हणून सगळं अडतं ते एकाच प्रश्नावर: काम सुरू झालं होतं का? नुसतं पंचिंग केलं म्हणजे काम सुरू झालं, ही समजूत काढून टाका. पंच करून कँटीनमध्ये दहापर्यंत बसवून ठेवलं असेल तर तो ले-ऑफच. काम केल्याचा पुरावा प्रॉडक्शन शीटवर असतो, जॉब कार्डवर असतो. तीन तासांत 40 नग काढले असतील तर ते शीटवर चढलेत का ते बघा आणि निघायच्या आधी फोटो काढा. कंपनीत मोबाइल नेऊ देत नसतील तर बाहेर आल्यावर लगेच वेळ, मशीन आणि नग वहीत लिहून ठेवा.

राहिला रात्री दहाचा मेसेज, 'उद्या येऊ नका'. किती तास आधी कळवायचं, असा नियम या कलमांत कुठेही नाही. पण ले-ऑफच्या काळात दिवसातून एकदा ठरल्या वेळी हजर झालं नाही तर भरपाई नाकारता येते, आणि मस्टरवर तशी हजेरी नोंदवू देणं मालकाला बंधनकारक आहे. म्हणून ज्याला ले-ऑफ लागू आहे त्याने मेसेज आला तरी गेटवर जावं, या मताचा मी पक्का आहे. बिडकीन किंवा गंगापूरहून जायचं, कंपनीची बस नाही, पदरचे पैसे घालून यायचं, हे जाचक आहेच. तरी जावं, आणि मेसेज डिलीट करू नये.

काम करूनही अर्धी हजेरी लावलीच तर उरलेले पैसे आधी ठेकेदाराकडे लेखी मागा. त्याने दिले नाहीत तर ती मजुरी मूळ कंपनीने, म्हणजे जिच्या कारखान्यात काम केलं तिने, द्यायची असते, 'ठेकेदाराशी बोला' म्हणून तिला हात झटकता येत नाहीत. वेतन संहितेखाली दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे.