बोल्टचा प्रीलोड आणि ताणाखालचे प्लेट-जोड

नट आवळला की बोल्ट किंचित लांबतो आणि मधल्या प्लेटा तेवढ्याच जोराने दाबल्या जातात. बाहेरचा लोड यायच्या आधीच बोल्टमध्ये बसलेला हा ताण म्हणजे प्रीलोड. जोड ओढला जातो तो दोन तऱ्हांनी, बोल्टच्या अक्षाच्या दिशेने (फ्लँज, म्हणजे पाइपची रुंद कड, किंवा एंड प्लेट, म्हणजे तुळईच्या टोकाची प्लेट) किंवा प्लेटच्या अंगातून (लॅप जोड, म्हणजे एकावर एक चढवलेल्या प्लेटा), आणि दोन्हीकडे प्रीलोडचं काम वेगळं असतं, पण साइटवर या दोघांची सर्रास सरमिसळ होते.

अक्षाच्या दिशेचा हिशेब आधी. ८.८ ग्रेडचा (अंतिम ताकद ८०० मेगापास्कल) एम२० (२० मिमी व्यासाचा) बोल्ट घेतला तर ताण पेलणारं क्षेत्रफळ २४५ चौ. मिमी, आणि अंतिम ताकदीच्या ७० टक्के धरून प्रीलोड साधारण १३७ किलोन्यूटन येतो. आता वरून ५० किलोन्यूटन ओढ लावली तर पुष्कळांना वाटतं की बोल्टवर १८७ होणार, पण तसं होत नाही, कारण दाबलेल्या प्लेटा बोल्टपेक्षा बऱ्याच ताठ असतात आणि ओढीचा मोठा हिस्सा त्यांचा दाब कमी करण्यातच जातो. बोल्टचा वाटा २० टक्के धरला तर त्याच्यावर फक्त १० वाढतात, म्हणजे १४७, आणि प्लेटांमधला दाब १३७ वरून ९७ वर येतो. ओढ १७१ च्या आसपास गेली की प्लेटा सुटतात आणि तिथून पुढचा सगळा लोड एकट्या बोल्टवर. हीच ५० ची ओढ वारंवार येत-जात असेल तर प्रीलोड असलेल्या बोल्टमध्ये ताण सुमारे ४१ मेगापास्कलने खालीवर होतो, सैल बोल्टमध्ये २०४ ने. फटीगमधला, म्हणजे वारंवारच्या लोडने धातू थकून भेग पडण्यातला, सगळा फायदा इथे आहे. एंड प्लेट पातळ असेल तर ती वाकून कडेला टेकते आणि प्राइंगचा (तरफेसारखा उचकटण्याचा) जादा लोड बोल्टवर येतो, तो या हिशेबात धरलेला नाही.

बोल्टचा हा वाटा नक्की किती यावर बरीच चर्चा झालीय. दाब प्लेटांमध्ये शंकूसारखा पसरतो असं मानून रोचरने १९२७ च्या सुमारास ४५ अंशांचा अर्धकोन घेतला, तो बरीच वर्षं चालला, पण त्याने प्लेटांचा ताठरपणा जास्त येतो, म्हणजे बोल्टचा वाटा कमी दिसतो आणि चूक धोक्याच्या बाजूला जाते. नंतरच्या मोजणीत २५ ते ३३ अंश निघाले, हल्लीची पाठ्यपुस्तकं ३० धरतात, आणि हातानं हिशेब करायचा तर तेच बरं. १९९१ मध्ये वाइलमन, चौधरी आणि ग्रीन यांनी फायनाइट एलिमेंटवरून (वस्तूचे छोटे तुकडे पाडून केलेल्या संगणकी हिशेबावरून) थेट सूत्र दिलं, एकाच धातूच्या प्लेटा असतील तर ते सोयीचं पडतं.

लॅप जोडात प्रीलोड पुरेसा असेल तर लोड घर्षणातून जातो, जोड घसरेपर्यंत बोल्ट भोकाच्या कडेला टेकतच नाही. त्यामुळे कडेवरचा ताणाचा जमाव कमी होतो आणि फटीगची भेग भोकातून न निघता बहुधा वॉशरच्या पुढे, पूर्ण रुंदीच्या भागात, फ्रेटिंगमुळे (दाबलेल्या पृष्ठभागांच्या बारीक घासण्यामुळे) निघते. घासलेल्या जागी तांबूस पूड दिसते खरी, पण गोव्यातल्या डिचोली-सांगे भागात खनिजाच्या प्लँटवर सगळंच तांबडं, तिथं आधी पुसून मगच बघावं लागतं. एक गोष्ट मात्र पक्की, जोडाची शेवटची ताकद प्रीलोडने फारशी बदलत नाही, घसरून बोल्ट टेकला आणि यील्ड झाला (कायमचा ताणला गेला) की प्रीलोड धुऊन जातो.

बोल्ट घट्ट आवळून घर्षणावर जोड चालवायच्या कल्पनेचं श्रेय कुणाचं यावर एकमत नाही. बाथो आणि बेटमन यांनी १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये घट्ट आवळलेल्या बोल्टने घसरण थांबते असं मांडलं, तर विल्सन आणि थॉमस यांच्या १९३८ च्या इलिनॉयमधल्या चाचण्यांत असे बोल्ट फटीगमध्ये रिव्हेटच्या तोडीचे ठरले. घसरणीपुरतं श्रेय पहिल्यांना देणं जास्त रास्त वाटतं. अमेरिकेत १९४७ मध्ये यासाठी परिषद स्थापन झाली, पहिलं स्पेसिफिकेशन १९५१ चं. आपल्याकडे यासाठी आयएस (भारतीय मानक) ४००० आणि आयएस ८०० (२००७).

गोव्यात खरी अडचण खाऱ्या हवेची आणि जून ते सप्टेंबरच्या पावसाची. गंज नको म्हणून प्लेटा हॉट-डिप गॅल्व्हनाइज करतात (वितळलेल्या जस्तात बुडवतात), पण आयएस ८०० मध्ये ब्लास्ट केलेल्या (खडीचा किंवा छऱ्यांचा मारा करून साफ केलेल्या) उघड्या पृष्ठभागाला घर्षणांक ०.५० आहे आणि ब्लास्ट करून गॅल्व्हनाइज केलेल्याला फक्त ०.१०, म्हणजे वरच्याच बोल्टला एका घर्षण-पृष्ठावर ६८ च्या जागी जेमतेम १४ किलोन्यूटन, तेही सुरक्षा गुणांक लावायच्या आधी. दुसरं टॉर्कचं, म्हणजे नट आवळायच्या पिळाचं. आट्यांच्या घर्षणावर अवलंबून असलेला टॉर्कचा गुणांक ०.२ धरून १३७ साठी सुमारे ५५० न्यूटन-मीटर लागतात. पावसात उघड्यावर पडलेल्या पेटीतले आटे गंजून तो ०.३ झाला तर तेवढ्याच टॉर्कला ९१ च मिळतात, आणि कुणी भरपूर तेल लावून ०.१५ केला तर १८३, म्हणजे बोल्ट यील्डच्या पलीकडे. रेंच दोन्ही वेळा तोच आकडा दाखवतो. म्हणून आधी हाताने घट्ट करून मग नट ठरावीक फिरवायची पद्धत इथं जास्त भरवशाची. १०.९ चे बोल्ट गॅल्व्हनाइज करताना ॲसिड पिकलिंगमुळे (ॲसिडमध्ये बुडवून साफ केल्यामुळे) हायड्रोजनने ठिसूळ होण्याचा धोका राहतो, ८.८ ला तो बराच कमी.