दोन गटांतला फरक आणि एका गटातले फरक

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये संस्कृतीची व्याख्या केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, चालीरीती, थोडक्यात माणूस समाजात राहून जे जे उचलतो ते सगळं त्यांनी तिच्यात घातलं. पुढे १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन या मानववंशशास्त्रज्ञांनी तोवरच्या व्याख्या गोळा केल्या, त्या १६४ भरल्या. रोजच्या बोलण्यात आपण या भानगडीत पडत नाही. प्रत्येक गटाची एक संस्कृती, आणि गट जितके जास्त तितकी विविधता, एवढा हिशेब पुरतो. मोजायला बसलं की मात्र तो दोन्ही टोकांनी उसवतो.

आधी गटांची मोजणी. परिसंस्थेतल्या प्रजातींसाठी संख्याशास्त्रज्ञ सिम्पसन यांनी १९४९ मध्ये सुचवलेलं माप समाजालाही लावतात. प्रत्येक गटाचा वाटा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज १ मधून वजा करायची. उरतं ते म्हणजे यदृच्छेने निवडलेली दोन माणसं वेगळ्या गटांतली असण्याची शक्यता. निम्मे-निम्मे असे दोन गट असतील तर उत्तर ०.५० येतं. तीन गट असून वाटे ८०, १० आणि १० टक्के असतील तर फक्त ०.३४. गट वाढला, विविधता घटली!

पण हे माप लेबलं मोजतं. लेबलाखालची माणसं कशी विचार करतात, हे त्याला कळत नाही, आणि खरी गफलत तिथेच होते. समजा, एका प्रश्नाला पहिल्या गटातले ६० टक्के लोक ‘हो’ म्हणतात, दुसऱ्यातले ४० टक्के. गट सारख्याच आकाराचे. वीस टक्क्यांचा फरक म्हणजे बातमीचा मथळा तयार. आता एकूण मतभिन्नता काढू, म्हणजे उत्तरं सरासरीभोवती किती विखुरली आहेत ते. हो-नाहीच्या प्रश्नात ‘हो’चा वाटा गुणिले ‘नाही’चा वाटा केला की ती मिळते. सगळे मिळून निम्मे ‘हो’, निम्मे ‘नाही’, म्हणून ०.५ × ०.५ = ०.२५. प्रत्येक गट सरासरीपासून ०.१ दूर, त्याचा वर्ग ०.०१. म्हणजे एकूण मतभिन्नतेतला केवळ ४ टक्के भाग दोन गटांमधला. उरलेला ९६ टक्के गटांच्या आतला. नुसता गट पाहून एखाद्याचं उत्तर ओळखायला गेलात तर दहातली सहा बरोबर येतील. नाणं उडवलं तरी सरासरी पाच येतातच.

प्रत्यक्षातले आकडे याहून टोकाचे आहेत. डेस्मेट, ओर्तुन्यो-ओर्तिन आणि वाचियार्ग या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये जागतिक मूल्य सर्वेक्षणाची, म्हणजे अनेक देशांतल्या लोकांना त्यांच्या मूल्यांबद्दल विचारणाऱ्या पाहणीची, उत्तरं तपासली. एकाच देशातल्या लोकांच्या मूल्यांमधल्या फरकांपैकी वांशिक गटाशी जोडता येणारा भाग सरासरी एक-दोन टक्के निघाला. म्हणून गट खोटे ठरत नाहीत. भाषा, विवाहाचे नियम, कुणाशी सोयरीक करायची यात गटाची रेघ ठळक असू शकते. मूल्यांत मात्र ती पुसट असते.

उलटी चूक सरासरीवरून माणसाकडे येताना होते. समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर ती दाखवली. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचं उणे १ ते अधिक १ मधलं माप, सुमारे उणे ०.५३ (उणे म्हणजे एक वाढते तिथे दुसरी घटते). त्यावरून स्थलांतरित जास्त साक्षर असणार, असं कुणालाही वाटेल. पण व्यक्तिनिहाय पाहिलं तर सहसंबंध अधिक ०.१२, म्हणजे निरक्षरता त्यांच्यातच थोडी जास्त. कारण साधं होतं: स्थलांतरितांनी वस्ती केली तीच मुळात साक्षर राज्यांत.

शिवाय प्रश्नावलीही दगा देते. ‘तुम्ही किती शिस्तीचे आहात?’ असं विचारलं की माणूस स्वतःला शेजारच्यांशी ताडून पाहतो, जगाशी नाही. जिथे सगळेच काटेकोर, तिथला काटेकोर माणूस स्वतःला पाचपैकी तीनच गुण देतो. यावर एक उपाय वापरतात. एका काल्पनिक व्यक्तीचं वागणं दोन-तीन ओळींत सांगायचं (‘ती दर वेळी दहा मिनिटं उशिरा येते, पण काम मुदतीत देते’) आणि सगळीकडच्या लोकांकडून आधी तिला गुण घ्यायचे. मग प्रत्येकाची स्वतःबद्दलची उत्तरं त्या फूटपट्टीवर सरकवायची. अट एवढीच की त्या दोन ओळींचा अर्थ सगळीकडे एकच लागला पाहिजे. म्हणून त्या दुसऱ्या भाषेत नेल्यावर, मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर करून घेतात आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचतात. तरीही ‘दहा मिनिटं उशीर’ हा काही ठिकाणी उशीर धरलाच जात नाही, आणि ते वाक्य बदलावं लागतं.