गाडीला दिसलं होतं, आठवत नव्हतं

विनाचालक गाडीनं कुणाला उडवलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, "सेन्सरला दिसलं नसेल." ही समजूत चुकीची आहे. आणि नुकसानभरपाई कुणी द्यायची, हा प्रश्न तिच्यामुळेच भलतीकडे जातो.

१८ मार्च २०१८. अमेरिकेत ॲरिझोनातलं टेम्पी शहर, रात्रीचे दहा वाजत आलेले. उबरची चाचणीवरची व्होल्व्हो ताशी साधारण ६९ किलोमीटर वेगानं चालली होती. एक बाई सायकल हातानं ढकलत रस्ता ओलांडत होती, झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी. गाडीच्या धडकेत ती गेली. गाडीच्या रडारनं तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच टिपलं होतं, हे पुढे तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निघालं. तेव्हा गाडी शंभर मीटरहून जास्त लांब होती. त्या वेगाला कचकचून ब्रेक मारला तर कोरड्या रस्त्यावर तीसेक मीटर पुरतात.

मग झालं काय? वेग काढायचा तर वस्तू आधी कुठे होती आणि आता कुठे आहे, या दोन जागा लागतात; हे आपण शाळेत शिकलो. गाडीचा संगणक तेच करतो. समोरच्या वस्तूला नाव देतो, तिच्या मागच्या जागा जपून ठेवतो आणि त्यावरून ती पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधतो. इथे नावच ठरेना. आधी 'वाहन', मग 'इतर', पुन्हा 'वाहन', पुन्हा 'इतर', मग 'सायकल'. आणि प्रणालीची रचना अशी, की नाव बदललं की मागच्या जागांची नोंद अंदाजातून बाद. हातात उरते एकच जागा, आणि एका जागेवरून वेग निघत नाही. चालत येणारी बाई संगणकाच्या हिशेबात दर वेळी नव्यानं जागच्या जागी उभी राहत होती! त्यात क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडणारा माणूस ही शक्यताच आज्ञावलीत धरलेली नव्हती.

धोका कळला तेव्हा १.२ सेकंद उरले होते. त्यातला एक सेकंद संगणकानं ब्रेक न लावता मुद्दाम वाट पाहिली, कारण खोट्या इशाऱ्यावर उगाच ब्रेक लागू नये म्हणून तशी सोयच करून ठेवली होती. व्होल्व्होचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक चाचणीच्या काळात बंद ठेवलेला.

अशा वेळी "तिची वेळ भरली होती" म्हणणारे भेटतात. मला या वाक्याची चीड आहे. एक नोंद पुसायची असं कुणीतरी ठरवलं होतं, त्यात नशिबाचा काय संबंध? "संगणक माणसासारखा चुकत नाही" ही जाहिरातबाजीही तितकीच खोटी.

गाडीत देखरेखीला बसलेली व्यक्ती मोबाइलवर कार्यक्रम लावून बसली होती. तिनं २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, मिळाली. कंपनीवर फौजदारी खटला चालवण्याजोगा आधार नाही, असं सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच सांगितलं होतं. नातेवाइकांशी कंपनीनं काही दिवसांतच तडजोड केली.

पण दर वेळी तडजोड होईलच असं नाही. आज्ञावलीतली चूक सिद्ध करण्याचं ओझं मृताच्या घरच्यांवर टाकणं हा अन्याय आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कुणाची चूक हे न दाखवता मृत्यूसाठी ५ लाख रुपये मिळतात. विनाचालक गाड्यांनाही याच वाटेनं न्यायला हवं. ब्रिटननं २०१८ च्या कायद्यात तसं केलं आहे: गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर विमा कंपनीनं आधी पैसे द्यायचे, मग हवं तर उत्पादकाकडून वसूल करायचे. एक पोटकलम मात्र गाडीच्या मालकानं नीट वाचावं असं आहे. सुरक्षेसाठी अत्यावश्यक असलेलं सॉफ्टवेअर अपडेट त्यानं माहीत असूनही टाकलं नसेल आणि त्यामुळे अपघात झाला, तर तिऱ्हाइताला दिलेली रक्कम विमा कंपनी त्याच्याकडून वसूल करू शकते.