टेकडीवरचा वणवा आणि जमिनीखालची पीटची आग

मार्च लागला की पुण्यात वेताळ टेकडीवर नाहीतर तळजाईवर एखाद्या संध्याकाळी धूर दिसतोच. वाळलेलं कुसळी गवत भराभर पेटतं, फिरायला आलेली माणसं हिरव्या फांद्यांनी आग झोडपत सुटतात आणि दोन-तीन तासांत उतार काळा पडतो. इंडोनेशियातल्या किंवा सायबेरियातल्या आगी बातम्यांत दिसतात, तेव्हा त्या अशाच पण मोठ्या असाव्यात असं वाटतं. पण तिथे पुष्कळदा झाडांखालची जमीनच जळत असते.

ती जमीन म्हणजे पीट. दलदलीत पडलेली पानं, मुळं, शेवाळं पाण्याखाली हवेअभावी नीट कुजत नाहीत आणि थरावर थर साचत जातो, वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर. पुरुषभर खोलीचा थर साचायला दीड-दोन हजार वर्षं जातात. (नर्सरीत मिळतं ते कोकोपीट वेगळं; तो नारळाच्या काथ्याचा भुसा.)

आजीच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात भुशाची शेगडी होती. मधोमध लाटणं उभं धरून भोवती भुसा ठासायचा, मग लाटणं अलगद ओढून काढायचं. ज्वाळा बेताचीच, पण शेगडी तासन्‌तास चालायची. वरून विझल्यासारखी दिसली तरी आत लालबुंद. पीटची आग अशीच धुमसते. तिला थोडी हवाही पुरते, ती खाली खाली सरकते आणि महिनोन्‌महिने टिकते. उत्तर ध्रुवाजवळच्या भागात तर काही आगी हिवाळाभर बर्फाखाली धुमसून वसंतात पुन्हा वर येतात. वाळलेलं पीट पाणी सहज शोषत नाही, म्हणून एखाद्या सरीने काही होत नाही.

आता कार्बनचं बघू. यात विचारायचं एकच: जे जळतंय त्याचं वय काय? टेकडीवरच्या गवताने आपला कार्बन गेल्याच पावसाळ्यात हवेतून घेतलेला असतो. वणव्यात तो हवेत परत जातो, पण मुळं जमिनीत जिवंत असतात. जूनमध्ये कोंब फुटतात आणि जवळपास तेवढाच कार्बन पुन्हा गवतात येतो. फेरा वर्षभरात पुरा होतो. म्हणून वणवा चालवून घ्यावा असं मुळीच नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, जपलेली रोपं जळतात, उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. तो काळा उतार बघून दरवर्षी माझं पोट तुटतं.

पीटमधला कार्बन मात्र हजारो वर्षांपूर्वी हवेतून काढून घेतलेला. तो काही आठवड्यांत बाहेर पडतो आणि पुन्हा साचायला तेवढीच हजारो वर्षं लागतात. आपल्या हयातीपुरती ती हवेत पडलेली भरच, कोळसा जाळल्यासारखी. पीट ही कोळसा बनण्याची पहिली पायरीच आहे. जगातली जेमतेम ३ टक्के जमीन पीटची, पण तिच्यात सगळ्या जंगलांतल्या झाडझाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन आहे.

१९९७ साली याची प्रचिती आली. इंडोनेशियाच्या कालिमंतान भागात सुमारे १० लाख हेक्टरवर भातशेती करायची म्हणून दलदलीत कालवे खणले होते. पाणी उतरलं, पीट वाळलं, त्यात एल निनोचा दुष्काळ. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीटच्या आणि त्यावरच्या झाडोऱ्याच्या आगींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेल्याचा अंदाज आहे. तेव्हा सगळं जग कोळसा, तेल आणि गॅस जाळून वर्षाला जेवढा कार्बन सोडत होतं, त्याच्या १३ ते ४० टक्के! शिवाय धुमसणारी आग अर्धवट जाळते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि बारीक धूलिकण जास्त निघतात. हवा तापली की दलदली आणखी सुकतात आणि पुढच्या आगीला सरपण तयार होतं.

वणव्यासाठी आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचा पट्टा आधीच साफ करून ठेवतं. पीटला असा पट्टा पुरत नाही, आग त्याच्या खालून जाऊ शकते. २०१५ च्या मोठ्या आगींनंतर इंडोनेशियाने २०१६ मध्ये पीटभूमी सावरण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. तिचं एक मुख्य काम होतं खणलेल्या कालव्यांना बांध घालणं, म्हणजे पाणी पुन्हा वर चढतं आणि पीट ओलं राहतं.