नेट कुठे अडलंय, ते आकडा सांगतो

नेटवाल्याचा मुलगा येतो, स्वतःच्या मोबाईलवर स्पीड टेस्ट काढून दाखवतो आणि म्हणतो, "काका, आमच्याकडून नेट एकदम ओके आहे. तुमच्या डब्यातच काहीतरी लोचा असेल." डबा ज्या दुकानातून घेतला तिथे फोन लावावा, तर तिकडून उत्तर येतं, "सर, आवाज येतोय ना? मग मशीन चांगलं आहे. नेटवाल्यालाच बोलवा." नाशकात इंदिरानगर असो की पंचवटी, होम थिएटरच्या रिसीव्हरला, म्हणजे स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या डब्याला, नेट मिळेनासं झालं की ही टोलवाटोलवी ठरलेली. गंमत अशी की दोघांपैकी खरं कोण बोलतंय हे बहुतेक वेळा रिसीव्हरलाच माहीत असतं आणि तो ते सांगतोही. फक्त कुणी विचारत नाही.

विचारायचं कसं? सेटिंगमध्ये नेटवर्क, आणि त्यात इन्फर्मेशन किंवा स्टेटस अशा नावाचं एक पान असतं. तिथे आयपी अ‍ॅड्रेसच्या पुढे, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या पत्त्यापुढे, तीन टिंबांनी तोडलेले चार आकडे दिसतात. ते कागदावर उतरवून घ्या.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. टीव्हीवरचं चित्र एचडीएमआय केबलमधून येतं, त्याचा रिसीव्हरच्या नेटशी संबंध नाही. रिसीव्हरला नेट लागतं ते इंटरनेट रेडिओ, गाण्यांची अ‍ॅप, मोबाईलवरून आवाज कमीजास्त करणं आणि कंपनीचे अपडेट यासाठी. यातलं काहीच फारसं खादाड नाही. उत्तम दर्जाच्या एमपीथ्रीला सेकंदाला ३२० किलोबिट लागतात, सीडीच्या दर्जाच्या आवाजाला १,४११. म्हणजे दीड मेगाबिटसुद्धा नाही. तेव्हा रिसीव्हर अडला म्हणून १०० मेगाबिटचा प्लॅन ३०० चा करून घेणं म्हणजे नुसता पैशाचा चुराडा.

आता त्या आकड्यांकडे वळू. चारही आकडे ० ते २५५ मधले असतात, त्यामुळे जगभरात मिळून असे पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. एवढ्या फोन-टीव्ही-कॅमेऱ्यांना ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे त्यातलेच. तुमच्या रिसीव्हरचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या टीव्हीचाही तोच असेल, तरी काही बिघडत नाही. बाहेरच्या जगाशी राउटर स्वतःच्या पत्त्याने बोलतो आणि आलेलं उत्तर घरातल्या ज्याचं त्याला पोचवतो.

हे घरातले पत्ते वाटण्याचं कामही राउटरचंच, आणि त्या पद्धतीला म्हणतात डीएचसीपी. पंचवटीतल्या धर्मशाळेत यात्रेकरूला खोली मिळते तसाच हा व्यवहार. रिसीव्हर सुरू झाला की घरभर हाक देतो, 'कुणी पत्ता देता का?' राउटर एक रिकामा पत्ता पुढे करतो, रिसीव्हर 'हाच घेतो' म्हणतो, राउटर नोंद करून ठराविक मुदतीसाठी तो पक्का करतो. मुदत संपत आली की वाढवून मागायची. चार निरोपांत सगळं उरकतं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत.

पण हाकेला ओ आलीच नाही तर? तर रिसीव्हर थोडा वेळ वाट बघतो आणि १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच उचलतो. तो आधी कुणी घेतलेला नाही ना, एवढी चौकशी करतो आणि त्यावर बसून राहतो. या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही. रिसीव्हर जिवंत आहे, पण राउटरपर्यंत त्याचा आवाज पोचलेला नाही, एवढाच १६९.२५४ चा अर्थ. काही रिसीव्हर त्याऐवजी चार शून्यं दाखवतात, मतलब तोच. हा आकडा दिसला की नेटवाल्याचा मुलगा खरा ठरला. नेट त्याच्याकडून येतंय, अडलंय ते तुमच्या हॉलमध्ये.

वळवाच्या पावसात हे हमखास होतं. गडगडाट झाला, लाइट गेली, अर्ध्या तासाने आली. फायबरचा डबा आणि राउटर पूर्ण जागे व्हायला काही मिनिटं घेतात. डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा विझायला हवा, पॉनचा (फायबर जोडला गेल्याचा) हिरवा स्थिर व्हायला हवा. रिसीव्हर मात्र त्याआधीच उठून हाका मारून मोकळा झालेला असतो. बरेचसे रिसीव्हर पुन्हा पुन्हा विचारत राहतात, काही जुने मात्र रुसून बसतात. 'बंद करून चालू करा' या सल्ल्याला लोक हसतात, पण इथे त्यामागे कारण आहे, फक्त क्रम पाळायला हवा. आधी राउटर चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग रिसीव्हर. आणि रिसीव्हर बंद करायचा तो बोर्डाच्या बटणावरून. रिमोटने तो नुसता डुलकी घेतो. आतली नेटवर्कची चिप पुष्कळदा जागीच असते आणि जुनाच पत्ता कवटाळून बसते.

एवढं करूनही १६९ हटला नाही, तर केबल बघा. केबलच्या टोकाला प्लास्टिकची एक छोटी जीभ असते, खोबणीत 'टक्' करून बसणारी. फर्निचर सरकवताना हीच तुटते. मग केबल आत असल्यासारखी दिसते, पण अर्धा मिलिमीटर मागे सरकलेली असते. खोबणीशेजारचा बारीक दिवा लागत नसेल तर बाकी तपास सोडा, आधी केबल बदला. केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ घालून. हा पीळ शोभेचा नाही. बाहेरच्या वीजवाहिनीचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो, आणि पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचतं, त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. या युक्तीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी १८८१ मध्ये घेतलं होतं. बहुतेक रिसीव्हरची खोबण १०० मेगाबिटची असते आणि तिला आठांपैकी चारच तारा लागतात: नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. प्लास्टिकच्या पारदर्शक टोकातून बघा. या दोन जोड्यांपैकी एखादी तार शेवटपर्यंत पोचलेली नसेल, तर चोर सापडला.

केबल नको म्हणून वाय-फाय लावलं असेल, तर संशयित वेगळे. जुने रिसीव्हर वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलतात. नव्या राउटरवर कुणी ५ गिगाहर्ट्झच चालू ठेवला असेल, तर रिसीव्हरला यादीत तुमच्या वाय-फायचं नाव दिसणारच नाही. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवली असेल, तर नाव दिसलं तरी जोडणी होणार नाही. ही पद्धत २०१८ ची, त्याआधीच्या यंत्रांना ती कळत नाही. पासवर्ड दहा वेळा टाकून उपयोग नाही, राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र पर्याय निवडा. जुन्या नाशकातल्या वाड्याच्या दगड-विटांच्या भिंती तर सिग्नल गिळून टाकतातच, पण नव्या फ्लॅटमध्येही लोक पत्र्याच्या पेटीतला रिसीव्हर टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबतात आणि अँटेना भिंतीकडे. माझं मत विचाराल तर जी वस्तू आयुष्यभर एका जागी बसणार आहे तिला केबलच द्यावी.

कधी आकडा १९२.१६८ चाच असतो, तरी नेट नसतं. अशा वेळी तिसरा आकडा बघा. कंपनी बदलली, नवा राउटर आला, तो १९२.१६८.१ ची मालिका वाटतोय आणि रिसीव्हरवर मात्र १९२.१६८.० दिसतंय, म्हणजे बहुधा पूर्वी कुणीतरी हाताने पत्ता भरून ठेवलाय. डीएचसीपी 'ऑन' करा, काम झालं. दुसरा प्रकार दोन राउटरचा: एक कंपनीने दिलेला, दुसरा आपण हौसेने त्याच्या मागे जोडलेला. मोबाईल एकावर, रिसीव्हर दुसऱ्यावर. रेडिओ छान वाजतो, पण मोबाईलच्या अ‍ॅपला रिसीव्हर सापडत नाही, कारण एकमेकांना शोधायची हाक राउटर ओलांडत नाही. मोबाईल पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर असेल, तरी हेच.

पत्ता बरोबर, मालिका बरोबर, अ‍ॅपलाही सापडतो, तरी रेडिओची यादी उघडत नाही? मग संशय डीएनएसवर. नावाचं आकड्यात रूपांतर करणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. नेटवाल्याचा डीएनएस अडखळत असेल तर रिसीव्हरमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून बघा. त्याने गाडी सुरू झाली तर दुकानदार खरा, आणि नेटवाल्याला बोलवायला हरकत नाही.

एक दुखणं मात्र या दोघांच्याही हातात नाही. सुरक्षित जोडणीसाठी रिसीव्हर समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्यासाठी अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या विश्वासू संस्थांची यादी त्याच्यात कारखान्यातच भरलेली असते. त्या नोंदींनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला अशीच एक फार वापरातली नोंद मुदतबाह्य झाली आणि अपडेट न मिळालेली जगभरातली कित्येक जुनी यंत्रं एका दिवसात काही साइटना मुकली. घड्याळ चुकलेल्या रिसीव्हरचंही असंच होतं, तेव्हा तारीख एकदा तपासा. अपडेट आहे का बघा. कंपनीने त्या मॉडेलचे अपडेटच थांबवले असतील, तर एखादी स्ट्रीमिंग स्टिक मागच्या एचडीएमआयला लावा. नेटचं काम ती करेल, रिसीव्हरने आवाजाचं बघावं.